कापडाचा दोष नव्हता, भाऊ

भाऊ, गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावले आहे. सोमवारी दुपारी तुम्ही स्टोअरच्या खिडकीतून कप दाखवून मला खुणेनं चहाचं विचारता, मी हात हलवून नको म्हणते कारण ऑपरेशन थिएटरमध्ये केस लागलेली, आणि मंगळवारी सकाळी लॉन्ड्रीतल्या गोदामावशी डोळ्याला पदर लावून सांगतात की रंगनाथभाऊ झोपेतच गेले. ही काय रीत झाली? ज्या माणसानं स्टोअरमधून कापसाचा बोळासुद्धा चिठ्ठीशिवाय बाहेर जाऊ दिला नाही, त्यानं स्वतः असं न सांगता निघून जावं?

माझं एक वाक्य तुम्हाला सांगायचं राहिलं होतं. दोन वर्षं ते मी तोंडात धरून बसले. ते काय आहे हे तुम्हाला ठाऊक होतं, आणि तुम्हाला ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं. तरी आपण दोघं रोज हातमोज्यांच्या साइजवर बोललो, तुमच्या बीपीच्या गोळीवर बोललो, लातूरचं ऊन कडक की नांदेडचं यावर भांडलो. तेवढं वाक्य सोडून सगळं बोललो. दवाखान्यात तुमच्या नावाला जो बट्टा लागला, तो माझा होता. हे तुम्हाला ऐकवायला आता फार उशीर झाला आहे, म्हणून लिहून काढते.

मी लातूरकडच्या निलंग्याची. लग्न होऊन नांदेडला आले आणि आपल्या या धर्मादाय दवाखान्यात ऑपरेशन थिएटरची सिस्टर म्हणून लागले, तेव्हा तुम्ही स्टोअर सांभाळत होता. बिलोली तालुक्यातल्या खेड्यातला माणूस, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन, आवाज इतका हळू की पुढं वाकून ऐकावं लागायचं. पहिल्याच आठवड्यात मी प्लास्टिकच्या ॲप्रनचा खोका मागायला आले. तुम्ही विचारलं, वापरून झाल्यावर हे कुठं जाईल? मी म्हटलं, कचऱ्यात. तुम्ही म्हणाला, कचऱ्यातून कुठं? मी चिडले. म्हटलं, भाऊ, मी नर्स आहे, नगरपालिका नाही. तुम्ही खोका दिला. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि स्कूटरवर बसून कचऱ्याच्या गाडीच्या मागं मागं गेला. खरंच गेला. मला वाटलं होतं लोक थट्टा करतात.

परत आलात तेव्हा तुमच्या शर्टाला जळकट वास होता. जाळायच्या पिशव्या कुठं जाळतात ते तुम्ही बघून आला होता, धुराकडं तोंड करून बसलेलं गाव बघून आला होता, आणि जळून उरलेली राखसुद्धा कुठंतरी पुरावीच लागते हे भट्टीवरच्या माणसाला विचारून आला होता. तुम्ही कुणाला भाषण दिलं नाही. फक्त मागणीच्या चिठ्ठीवर पट्टीनं एक रकाना वाढवला. वस्तूचं नाव, किती पाहिजे, कशासाठी, आणि शेवटी 'नंतर कुठं?' तो भरल्याशिवाय स्टोअरमधून वस्तू मिळणार नाही. आमच्या मोठ्या डॉक्टरांनी एकदा वैतागून त्यात 'खड्ड्यात' असं लिहून पाठवलं. तुम्ही चिठ्ठी घेऊन त्यांच्या केबिनच्या दारात उभे राहिलात आणि अगदी अदबीनं विचारलंत, साहेब, कोणत्या? संपूर्ण दवाखाना आठवडाभर हसत होता.

मी त्या रकान्याला लई शिव्या घातल्या आहेत. खोटं कशाला सांगू. पण हळूहळू काय झालं, की चिठ्ठी लिहिताना हात थांबायला लागला. मला एवढे डिस्पोजेबल कप खरंच पाहिजेत का? थिएटरमध्ये किटल्या भरून चहा येतो, स्टीलचे पेले आहेत की. तुम्ही काही बंद केलं नाही, भाऊ. आमचं आम्हालाच लिहायला लाज वाटायला लागली.

आणि तुमचे हात. त्याबद्दल मी कधी तुमच्यासमोर बोलले नाही, कारण तुम्हाला कौतुक केलेलं चालत नव्हतं, तुम्ही लगेच उठून रॅकवरचे खोके सरळ करायला लागायचे. आज मुकाट्यानं ऐका. सलाईनची पेटी नुसती उचलून तुम्ही सांगायचे की यात एक बाटली कमी आहे. फोडून बघितली की कमीच असायची. कापसाचा गठ्ठा हातात घेऊन म्हणायचे, यात ओल आहे, परत पाठवा. स्टोअरमध्ये वजनकाटा होता, त्याच्यावर धूळ बसलेली असायची.

पाऱ्याची ती बाटली मला आयुष्यभर विसरता येणार नाही. थर्मामीटर फुटलं, बीपीचं मशीन गळलं, की आम्ही झाडूनं लोटून मोकळ्या व्हायचो. तुम्ही मात्र दोन कागदांनी थेंब थेंब गोळा करून एका जाड काचेच्या बाटलीत, वर पाणी घालून, बूच लावून ठेवायचे. किती वर्षं, देव जाणे. एक दिवस तुम्ही मला आत बोलावलं. बाटली औषधाच्या बाटलीएवढीच होती. म्हणाला, ताई, जरा उचला. मी सहज एका हातानं उचलायला गेले आणि ती जागची हललीच नाही. दोन्ही हात लावले तेव्हा उठली. आत ते चांदीसारखं जडशीळ काहीतरी हळूच डुललं आणि मी बाटली घाईनं खाली ठेवली. तुम्ही म्हणाला, "एवढं सगळं आपण झाडून मोरीत घालणार होतो. मोरी नदीला जाते."

त्यानंतर दवाखान्यात पाऱ्याचं थर्मामीटर घेतलं गेलं नाही, बीपीची मशीनंही बदलली. ती बाटली तुम्ही कायद्यानं जिथं द्यायची तिथं स्वतः नेऊन दिली, आणि दिल्याचा कागद आणला. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की या हळू आवाजाच्या माणसाच्या आत काहीतरी फार मोठं आहे. इतकं मोठं, की आपण रोज त्याच्याशेजारून जातो म्हणून दिसत नाही.

लातूरची ती चक्कर आठवते का? एका कारखान्याचा माणूस 'जिरणाऱ्या' पिशव्या विकायला आला होता. मातीत घाला, सहा महिन्यांत माती होते म्हणाला. माझं माहेर तिकडचं म्हणून तुम्ही मला बरोबर घेतलं. एसटीत अख्ख्या वाटेत तुम्ही ती पिशवी बोटांनी चुरगाळत होता. कारखान्याच्या मालकानं आपल्याला सरबत पाजलं, यंत्रं दाखवली, सर्टिफिकेट दाखवलं. तुम्ही सगळं ऐकून घेतलं आणि दहा पिशव्या मागून आणल्या. लॉन्ड्रीच्या मागं, मोरीच्या बाजूच्या मातीत त्या पुरल्या, प्रत्येकीवर काडी रोवली. गोदामावशी तिथं मेथी लावणार होत्या, त्या चिडल्या. सहा महिने तुम्ही त्या जागेला रोज पाणी घातलं. सहा महिन्यांनी उकरलं तर पिशव्या जशाच्या तशा, वरची अक्षरंसुद्धा वाचता येत होती. तुम्ही त्या धुतल्या, वाळवल्या, घडी घातल्या आणि एसटी पार्सलनं मालकाला परत पाठवल्या. आत चिठ्ठी घातली की आपला माल सुस्थितीत आहे, धन्यवाद. मी पोट धरून हसले. तुम्ही हसला नाहीत. तुम्हाला खरंच वाईट वाटलं होतं. त्या माणसावर तुम्ही विश्वास ठेवला होता.

त्यानंतर कुठलीही नवीन वस्तू आली की आधी त्या तुकड्यात पुरली जायची. कागदी वाट्या, मक्याच्या पिठाचे चमचे, बाळंतिणीचे पॅड. काही खरोखर माती झालं. एका पावसाळ्यानंतर तुम्ही मला हाताला धरून नेलंत, म्हणजे हाताला नाही, पण तुमच्या त्या घाईनं नेलंत, आणि काडीखालची माती मुठीत घेऊन दाखवली. वाटी होती इथं, म्हणाला. आता काहीच नव्हतं. काळी भुसभुशीत माती आणि तिच्यात एक गांडूळ. तुम्ही असे बघत होता जणू वाटीचं सोनं झालं. मीही बघत उभी राहिले. मला उशीर होत होता, तरी उभी राहिले.

असा आपला कारभार होता. आणि त्यात सगळ्यात मोठी गोष्ट होती थिएटरची कापडं. ऑपरेशनच्या वेळी पेशंटवर जी हिरवी कापडं पसरतात, आम्ही जे गाऊन घालतो, ते सगळीकडं एकदा वापरून टाकायचे यायला लागले होते. तुम्ही जाड विणीचं सुती कापड आणलं, इतवाऱ्यातल्या शिंप्याकडून सेट शिवून घेतले. गोदामावशी धुणार, उन्हात वाळवणार, मग ड्रममध्ये भरून वाफेच्या यंत्रात निर्जंतुक करायचे. रोज थिएटरमधून निघणाऱ्या जाळायच्या पिशव्या इतक्या कमी झाल्या, की गाडीवाला माणूस विचारायला आला, ऑपरेशनं बंद केली का म्हणून.

माझा तुमच्याशी वाद एवढाच होता, की थिएटरमध्ये पेशंट पहिला, पृथ्वी नंतर. तुम्ही ते कधी नाकारलं नाही. म्हणाला होता, "हातमोजे घ्या, सुई घ्या, जिथं जीव हाय तिथं एकदाच वापरायचं घ्या, मी एका शब्दानं अडवणार न्हाई. पण जिथं नुसता आपला आळस हाय, तिथं मी अडवणार." मला हे पटलं होतं. पटलं होतं म्हणूनच पुढचं सांगायला जड जातंय.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात बोअर आटलं. दवाखाना टँकरवर आला. वाफेच्या यंत्राला पाणी लागतं, दिवसाला चार फेऱ्या लावायचो, त्या दोनवर आल्या. केसेस मात्र कमी झाल्या नाहीत. मी काय केलं? चार फेऱ्यांचं कापड दोन फेऱ्यांत बसवलं. माझ्या हाताखालच्या पोरी म्हणाल्या, सिस्टर, ड्रमचं झाकण लागत नाही. मी म्हटलं, गुडघा लावा आणि बसवा. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात की ड्रम सैल भरायचा, दोन घड्यांमध्ये हात गेला पाहिजे, नाहीतर मधल्या कापडाला वाफ पोचत नाही. वीस वर्षं मी स्वतः दुसऱ्यांना ते शिकवत होते. वाफ लागली की काळी पडणारी एक पट्टी असते, ती ड्रमला बाहेरून चिकटवायची; तिच्यावर काळ्या रेघा उमटल्या की मी समजायचे झालं. ड्रमच्या पोटात पट्टी ठेवायचं मी सोडून दिलं होतं. घाई होती. घाईचं कारण सांगून मी आता सुटणार नाही.

एक दिवस ड्रम न्यायला वॉर्डबॉय मामा नव्हते, म्हणून तुम्ही हात लावला. उचललात आणि तिथंच थांबलात. म्हणाला, ताई, हे जड लागायलंय. मी म्हटलं, उन्हाळ्यात सगळंच जड लागतं भाऊ, आणा लवकर. तुम्ही आणलंत. परत एकदा माझ्याकडं बघितलंत आणि गेलात.

त्याच पंधरवड्यात भोकरकडची एक बाळंतीण, पहिलटकरीण, सीझर झालेली, तिच्या टाक्यांत पू झाला. वीस-बावीस वर्षांची पोर. ताप उतरेना, बाळाला जवळ घेता येईना. तिची आई कॉटखाली बसून असायची, येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडं बघायची. शेवटी पोर बरी झाली, महिनाभरानं घरी गेली. पण त्या महिन्यात दवाखान्यानं शोधायला सुरुवात केली की हे कशानं झालं. मीटिंग लागली. मोठ्या डॉक्टरांनी मला विचारलं, सिस्टर, तुमचा अंदाज काय?

मी कापडाचं नाव घेतलं.

मुद्दाम खोटं बोलले नाही, भाऊ, एवढं तरी माझ्या बाजूनं सांगते. त्या क्षणी मला खरंच तसं वाटत होतं. परत परत धुतलेलं कापड, कुठंतरी वीण विरली असेल, म्हटलं. सगळ्यांना ते लगेच पटलं, कारण तुमचा रकाना कुणालाच आवडत नव्हता. एक जण म्हणाला, पर्यावरण ठीक आहे, पण पेशंटच्या जिवावर नको. सगळ्या माना हलल्या. मग सगळे तुमच्याकडं वळले. तुम्ही माझ्याकडं बघत होता. रागानं नाही. वाट बघितल्यासारखं. ड्रम मी भरते, जड कशानं झाला ते मी सांगेन, असं तुम्हाला वाटलं असणार. मी टेबलाकडं बघत बसले. मला तुमचं ते बघणं कळलंच नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. मग तुम्ही म्हणाला, "कापडाचा दोष असल तर बंद करा, साहेब. पेशंट पहिला."

झालं. दुसऱ्या महिन्यापासून एकदा वापरायचे सेट आले. खरेदीच्या कागदावरून तुमचा रकाना गेला. ऑर्डरवर तुमचं मत घेणं बंद झालं, तुम्ही फक्त आलेला माल मोजून रॅकवर लावायचे. स्टीलचे पेले गेले, कप आले. मोरीच्या बाजूची काड्यांची जागा सपाट करून तिथं गाड्या लावायला लागले. वॉर्डातली नवीन पोरं तुम्हाला मागून चिंधीवाले भाऊ म्हणायची, ते तुमच्या कानावर जात होतं. तुम्ही पूर्वीसारखेच मला खिडकीतून चहाचं विचारत होता.

मग पाऊस पडला, पाणी आलं. थिएटरची मोठी कापडं आता निर्जंतुक करायची नव्हती, म्हणून एक फेरी पुरे असं धरून मी उरलेलं सगळं, पट्ट्या, पॅड, टॉवेल, एकाच ड्रममध्ये एकाच फेरीत ठासायला लागले होते. आणि एका म्हाताऱ्या बाबांची हर्नियाची जखम चिघळली. एकदाच वापरायचं नवंकोरं कागदासारखं कापड त्यांच्यावर पसरलेलं होतं, मी स्वतः पाकीट फोडलं होतं. म्हणजे दोष कापडाचा नव्हता. त्या दुपारी मी सगळ्यांना जेवायला पाठवलं, नुकताच निघालेला ड्रम उघडला आणि मधोमध हात घातला. दमट होतं. दुसऱ्या फेरीला पोटात पट्टी ठेवली. बाहेरची पट्टी काळी झाली, आतली पांढरीच राहिली. मी ती पांढरी पट्टी हातात घेऊन स्टुलावर बसले. भोकरच्या त्या पोरीची आई कॉटखाली कशी बसायची ते मला दिसत होतं.

पुढं मी काय केलं ते तुम्ही बघितलंत. ड्रम सैल भरायला लावले. फेऱ्या वाढवल्या. प्रत्येक ड्रमच्या पोटात पट्टी सक्तीची केली. बाबा बरे झाले, पुढं एकही जखम चिघळली नाही. आणि मी कुणाला काही सांगितलं नाही. स्वतःशी म्हणायचे, दुरुस्त केलं ना, मग झालं. इन्चार्जची खुर्ची, पोरींसमोरचा मान, साहेबांचा विश्वास, सगळं जाईल असं वाटायचं. उद्या सांगू म्हणायचे. तुमच्या खिडकीपाशी दहा वेळा तरी तोंड उघडलं असेल, आणि दर वेळी हातमोजे मागून परत आले.

ड्रम सैल भरायला लावले त्याच आठवड्यात पुन्हा मामा नव्हते. तुम्ही ड्रम उचललात. या वेळी थांबला नाहीत, चालत आलात, टेबलावर ठेवलात आणि म्हणालात, "आता बरोबर हाय, ताई." एवढंच. तुमच्या हातांना सगळं कळलं होतं. पहिल्यांदाही कळलं होतं. त्या मीटिंगमध्ये एक वाक्य बोलला असता तर तुमचं इतक्या वर्षांचं काम वाचलं असतं आणि माझी खुर्ची गेली असती. तुम्ही ते वाक्य माझ्यासाठी ठेवलंत. मला अजून उमगत नाही, भाऊ, माणसाच्या अंगी एवढी ताकद येते कुठून. याबद्दल मी तुमच्याशी भांडणार होते. तुम्ही का बोलला नाहीत? त्या दोन वर्षांत जाळायच्या किती पिशव्या गेल्या, त्याचा निम्मा दोष तुमचाही नाही का? या भांडणाला तुम्ही हळू आवाजात काहीतरी उत्तर दिलं असतं आणि मला पुढं वाकून ऐकावं लागलं असतं.

बुधवारी दवाखान्यात तुमची शोकसभा झाली. हॉलमध्ये खुर्च्या पुरल्या नाहीत, सफाईच्या बाया भिंतीला टेकून उभ्या होत्या. मोठे डॉक्टर चांगलं बोलले. मनापासून बोलले. आणि बोलता बोलता म्हणाले, एवढा निष्ठावान माणूस, त्या कापडाच्या हट्टात तेवढा चुकला, पण हेतू शुद्ध होता. लोकांनी माना हलवल्या. तुमचा मुलगा पहिल्या ओळीत खाली मान घालून बसला होता. त्यानं मान आणखी खाली घातली.

मी उभी राहिले. समोरची खुर्ची धरली. म्हटलं, "सर, कापडाचा दोष नव्हता. ड्रम मी ठासून भरायला लावले होते. आत वाफ पोचली नव्हती. मला दोन वर्षांपासून माहीत आहे. भाऊंना पहिल्या दिवसापासून माहीत होतं." इतकं बोलून खाली बसले. तुमच्या मुलानं मागं वळून माझ्याकडं बघितलं. मला त्याच्या डोळ्याला डोळा देता आला नाही.

नंतर साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. ओरडले नाहीत. दोन वर्षं, सिस्टर? एवढंच म्हणाले. मी लेखी द्यायचं आहे, चौकशी होईल, इन्चार्जची जागा राहील असं दिसत नाही. भोकरच्या त्या बाईला आणि हर्नियाच्या त्या बाबांना दवाखान्यानं खरं सांगितलंच पाहिजे, असं मीच म्हणाले, आणि दोघांच्या घरी मी स्वतः जाणार आहे. तिच्या आईसमोर काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही. मग साहेब म्हणाले, कापडाचे सेट परत सुरू करायचे तर किती दिवस लागतील? मी म्हटलं, कापड आणायचं, शिवायचं, तीन-चार महिने तरी. जुने सेट दोन वर्षं पडून आहेत, घडीवर विरले असतील, बुरशी धरली असेल. एकदा बघून येते.

गोदामावशी लॉन्ड्रीत नव्हत्या. गच्चीवर असतील म्हणून वर गेले. जिन्याचं दार ढकललं आणि तिथंच उभी राहिले, भाऊ. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या दोऱ्यांवर हिरवी कापडं. सगळे सेट. वाऱ्यानं फुगत होते. एवढा हिरवा रंग मी त्या गच्चीवर कधी बघितला नव्हता.

मावशी एका दोरीपाशी बसल्या होत्या. म्हणाल्या, भाऊनं सोमवारीच धुवायला काढून दिले होते, दोरीवरून उतरवायचं मन होईना. मी विचारलं, हे कधीपासून? त्या म्हणाल्या, बंद झाल्यापासून. दर महिन्याला एकदा. विरलेलं असलं की भाऊ स्वतः घरी नेऊन रफू करून आणायचे. मी म्हटलं, वापरायचे नव्हते तर धुवायचे कशाला, तुम्ही विचारलं नाही का?

"इचारलं की," मावशी म्हणाल्या. "तर म्हणले, ताईचं बोलायचं राहिलंय. त्या एक दिवस बोलतील. त्या दिवशी कापड तयार पाहिजे."

मी जवळचं एक कापड ओढून घेतलं आणि त्यात तोंड खुपसून रडले. उन्हाचा आणि साबणाचा वास होता त्याला. थिएटरचं कापड असं तोंडाला लावायचं नसतं, मावशी ओरडल्या मला. मग आम्ही दोघींनी बाकीचे सगळे सेट उतरवले, घड्या घातल्या. ते एक तेवढं परत धुवायला टाकलं आहे, भाऊ.